मृत्युपत्र न करता घरातलं माणूस गेलं तर जमीन, फ्लॅट, बँकेतले पैसे कुणाचे आणि नावावर कसे करायचे

तेरावं उरकलं की घरात कागदांचा विषय निघतो, आणि बहुतेक घरांत तो चुकीच्या टोकाने सुरू होतो. कुणी म्हणतं बँकेत नॉमिनी कोण आहे ते बघा, कुणी म्हणतं सातबाऱ्याला मोठ्याचं नाव लावून टाका बाकीचं नंतर बघू, कुणी बहिणींना म्हणतं आलाच आहात तर सह्या करूनच जा. माझं सांगणं एकच आहे, यातलं काहीही करायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि कायद्याने वारस कोण कोण आहेत ती यादी पूर्ण लिहून काढा. यादी बरोबर असली की पुढची ऑफिसं फिरणं कंटाळवाणं असतं पण अवघड नसतं, आणि यादीतून एक नाव जरी राहिलं तरी वीस वर्षांनी जमीन विकायला काढली की नेमकं तेच नाव समोर येऊन उभं राहतं.

खाली लिहितेय ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या त्या घरांसाठी ज्यांना हिंदू वारसा कायदा १९५६ लागतो, त्यात बौद्ध, जैन, शीख पण आले. मुस्लिम घरांत वाटणी शरियतप्रमाणे होते, म्हणजे मुलीला मुलाच्या निम्मं, आणि मुलंबाळं असतील तर बायकोला आठवा हिस्सा. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो, आणि अनुसूचित जमातींना १९५६चा कायदा लागत नाही, तिथे रूढी बघतात. गोव्याचं तर सगळंच वेगळं आहे, तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या पद्धतीत नवराबायकोची मिळकत साधारणपणे लग्नापासूनच दोघांची निम्मी निम्मी धरतात आणि वारसांचं इन्व्हेंटरीचं, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटणी करण्याचं, काम वेगळं चालतं. ज्यांची थोडी जमीन सावंतवाडीकडे आणि थोडी पेडण्याला आहे त्यांनी गोव्याच्या भागासाठी तिथलाच वकील गाठावा, इथल्या नियमांवर अंदाज बांधू नये.

आणि हो, मृत्युपत्र खरंच नाहीये ना ते आधी नीट बघा. लोकांना वाटतं मृत्युपत्र म्हणजे स्टॅम्पपेपर आणि रजिस्ट्रेशन, पण साध्या कागदावर लिहिलेलं, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं बिननोंदणीचं मृत्युपत्रसुद्धा कायद्याने चालतं. तेव्हा कपाट, लॉकर, देवघराचा खण, जुन्या एलआयसीच्या फायली सगळं बघा, त्यांच्या वकिलाला, सीएला आणि दोन जवळच्या मित्रांना विचारा, दुय्यम निबंधक कार्यालयात नोंद आहे का तेही तपासा. एवढं करून नाही सापडलं तर पुढे वाचा.

पुरुष वारला असेल तर यादीत कोण

पहिल्या वर्गाचे वारस असं कायद्यात म्हटलंय, आणि त्यात मुलगे, मुली, बायको आणि आई हे सगळे एका ओळीत, सारख्या हिश्शाने येतात. मुलगी लग्न झालेली असो, घटस्फोटित असो, परदेशात असो, काही फरक पडत नाही. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर त्यांची मुलं त्यांच्या जागी येतात, आणि वारलेल्या मुलाची बायको म्हणजे विधवा सूनही येते, पण वारलेल्या मुलीचा नवरा म्हणजे जावई येत नाही. मुलगा हयात असेल तर सुनेला आणि नातवंडांना सासऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत थेट हिस्सा नसतो. दत्तक मुलगा किंवा मुलगी सख्ख्यासारखीच धरतात. सावत्र मुलं मात्र सावत्र बापाचे वारस होत नाहीत, त्यांना काही द्यायचं असेल तर मृत्युपत्रच लागतं.

यादीतून सगळ्यात जास्त वेळा राहतं ते आईचं नाव. म्हणजे गेलेल्या माणसाची आई, घरातली आजी. ती कोपऱ्यात बसलेली असते, तिला कुणी विचारत नाही, आणि अर्जावर फक्त बायको आणि मुलं लिहून मोकळे होतात. एक हिशोब मांडून दाखवते. समजा कराडचे एक शिक्षक वारले, फ्लॅट स्वतःच्या पगारातून घेतलेला, मागे बायको, दोन मुलगे, लग्न झालेली एक मुलगी आणि ऐंशी पार केलेली आई. पाच वारस, प्रत्येकाला पाचवा हिस्सा, इथपर्यंत सोपं. आता दोन वर्षांनी आजी पण गेली, मृत्युपत्र तिनेही केलेलं नाही. तिचा जो पाचवा हिस्सा तो तिच्या वारसांना जाणार, आणि तिला मुलं तीन, हे शिक्षक, त्यांचा धाकटा भाऊ आणि एक बहीण. म्हणजे काकाला फ्लॅटमध्ये पंधरावा हिस्सा, आत्याला पंधरावा, आणि उरलेला पंधरावा शिक्षकांच्या तीन मुलांना मिळून. शिक्षकांच्या बायकोला सासूच्या हिश्शातून काही नाही, कारण बाईच्या वारसांच्या पहिल्या ओळीत विधवा सून धरत नाहीत. फ्लॅट विकायला काढला की बँकेचा वकील टायटल बघताना बरोबर इथे बोट ठेवतो आणि मग काका आणि आत्याच्या सह्या आणा म्हणून धावपळ. आजी हयात असतानाच तिच्याशी नीट बोला, तिची मर्जी असेल तर तिने आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र करावं किंवा हिस्सा सोडावा, आणि मर्जी नसेल तर तो हिस्सा तिच्या म्हातारपणाचा आधार आहे, त्याला हात लावू नये.

बाप पहिल्या वर्गात नाही हे बऱ्याच जणांना पटत नाही. बिनलग्नाचा तिशीतला मुलगा गेला, पुण्यात त्याचा फ्लॅट आहे, आईवडील दोघं हयात आहेत, तर सगळं आईला जातं. आई नसेल तर दुसऱ्या वर्गात वडील पहिले, आणि तेही नसतील तर पुढे भाऊ बहिणी वगैरे. दुसरा वर्ग तेव्हाच उघडतो जेव्हा पहिल्या वर्गात एकही माणूस नसतो.

बायकोच्या बाबतीत, वेगळी राहत होती म्हणून तिचा हक्क जात नाही, कोर्टाचा घटस्फोट झाला असेल तरच जातो. नवरा गेल्यावर तिने पुढे दुसरं लग्न केलं तरी मिळालेला हिस्सा परत घेता येत नाही. पहिली बायको हयात असताना, घटस्फोट नसताना, दुसरं लग्न केलं असेल तर त्या दुसऱ्या बाईला वारसाहक्क नाही पण तिच्यापासून झालेल्या मुलांना बापाच्या मिळकतीत हक्क आहे, त्यांची नावं यादीत लिहावीच लागतात, घरात कितीही कटू वाटलं तरी. ती मुलं आहेत हे गावाला माहीत असतं, फक्त वंशावळीत नसतात, आणि अशी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर देणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र देणं.

बाई वारली असेल तर नियम वेगळे आहेत

बाईच्या नावावरच्या मिळकतीत आधी मुलगे, मुली आणि नवरा सारख्या हिश्शाने, आधीच वारलेल्या मुलांची मुलं धरून. हे कुणीच नसतील तर दुसऱ्या नंबरला नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आईवडील तिसऱ्या नंबरला. हे वाचून राग येतो आणि यायलाच पाहिजे, कारण याचा अर्थ असा की मूल नसलेली विधवा बाई, जिने स्वतः नोकरी करून घर घेतलं, फंड साठवला, ती मृत्युपत्र न करता गेली तर सगळं दीर नणंदांकडे जातं आणि जिने तिला सांभाळलं ती तिची आई बघत राहते. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात अगदी असंच प्रकरण आलं होतं, बाईला सासरच्यांनी लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झाल्यावर घराबाहेर काढलेलं, ती माहेरी शिकली, नोकरी केली, आणि तरीही तिची स्वतःची कमाई सासरच्या वारसांना गेली कारण कायद्याची ओळ तशी आहे. अपवाद एवढाच की आईवडिलांकडून वारसाने आलेली मिळकत असेल आणि मूलबाळ नसेल तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते, आणि नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेली असेल तर नवऱ्याच्या वारसांकडे. त्यामुळे मूल नसलेल्या बाईच्या बाबतीत यादी करताना प्रत्येक मिळकतीपुढे ती कुठून आली ते लिहा, स्वतः घेतलेली, माहेरची की सासरची.

वडिलोपार्जित म्हणजे नक्की काय

हा शब्द लोक सैल वापरतात. आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जित आणि त्यात नातवाचा जन्मतः हक्क, असं सरसकट नसतं. आजोबांची स्वतःची मिळकत होती, ते १९५६ नंतर मृत्युपत्राशिवाय गेले आणि ती वारसाने वडिलांना आली, तर वडिलांच्या हातात ती त्यांची स्वतःची झाली, असं सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्येच म्हटलंय. मग वडील गेल्यावर वर सांगितलेली साधी वाटणी. एकत्र कुटुंबाची मिळकत खरोखरच पूर्वीपासून तशीच चालत आलेली असेल तर मात्र हिशोब दोन पायऱ्यांत होतो. समजा वडील, आई, एक मुलगा, एक मुलगी. आधी असं धरायचं की वडील जायच्या क्षणी वाटणी झाली, चौघांना पाव पाव, मग वडिलांचा जो पाव तो तिघांत, म्हणजे प्रत्येकी बारावा हिस्सा आणखी. शेवटी तिघांना एक तृतीयांश एक तृतीयांश. इथे उत्तर तेच आलं पण आजी हयात असेल, चुलते एकत्र असतील, मधे कुणी वारलं असेल तर उत्तर बदलतं, तेव्हा फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी काढून वकिलाकडून हिशोब करून घ्या.

मुलीचा जन्मतः हक्क ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीने आला. महाराष्ट्रात त्याआधी १९९४ मध्ये आला होता पण तो फक्त तेव्हा बिनलग्नाच्या मुलींना. आणि वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं, त्यामुळे तुमचे वडील आधीच गेले म्हणून तुम्हाला काही नाही असं कुणी सांगितलं तर तेवढ्यावर गप्प बसू नका. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणी झालेली असेल किंवा जमीन विकलेली असेल तर ती मोडता येत नाही. तोंडी वाटणी झाली होती असं नुसतं म्हणून सहसा भागत नाही, त्याला पक्का पुरावा लागतो.

नॉमिनी मालक नसतो

हे ठळक अक्षरात लिहायला पाहिजे. नॉमिनी म्हणजे संस्थेने पैसे किंवा फ्लॅट कुणाच्या हातात द्यायचा ते नाव, मालकी वारसांचीच. बँकेच्या ठेवीबाबत हे जुनंच आहे, शेअर्स आणि म्युच्युअल फंडाबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं, आणि हाऊसिंग सोसायटीत २०१९च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करतात, वारस ठरेपर्यंत. तेव्हा मोठा मुलगा नॉमिनी असेल तर त्याने पैसे घ्यावेत, खात्यावर ठेवावेत, आणि यादीप्रमाणे वाटावेत. आयुर्विम्यात २०१५ नंतर थोडं वेगळं झालंय, नवरा बायको, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना पैशांवर स्वतःचा हक्क दिलाय, पण त्यावरही कोर्टात वाद होतात म्हणून घरात आधी बोलून घ्या. पीएफची नॉमिनी पद्धत वेगळी, नोकरीत असताना गेलं असेल तर पीएफसोबत ईडीएलआयचा विमा पण असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, तो बऱ्याच बायकांना माहीतच नसतो, कंपनीच्या एचआरला नाव घेऊन विचारा.

आता कागद

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे, हॉस्पिटलमध्ये गेलं असेल तर ते करतात, घरी गेलं असेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेत तुम्ही करायची. दाखल्याच्या दहाएक प्रती घ्या. दाखल्यावर नाव आधारसारखं आहे का आणि सातबाऱ्यासारखं आहे का ते तिथेच उभं राहून वाचा, कारण सातबाऱ्याला रामचंद्र आणि दाखल्यावर रामभाऊ असं झालं की पुढे प्रत्येक ठिकाणी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची म्हणून प्रतिज्ञापत्र लागतं. मग सगळ्या वारसांचे आधार, पॅन, फोटो, आणि वंशावळ. वंशावळ म्हणजे नुसतं झाड काढायचं नाही, प्रत्येक नावापुढे हयात की मयत, मयत असेल तर कधी, आणि त्याच्यामागे कोण, असं सगळं.

जमिनीसाठी वारस नोंद लागते. जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात तलाठीच चालतं. अर्ज ई-हक्क प्रणालीत ऑनलाइन करता येतो किंवा सेतू केंद्रातून करून घेता येतो, उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, फक्त कागद जुने होतात आणि साक्षीदार मरतात. २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा नावाची मोहीमच घेतली होती कारण पिढ्या गेल्या तरी मयतांचीच नावं सातबाऱ्यावर राहिलेली. अर्ज आला की तलाठी वारस रजिस्टरला म्हणजे नमुना ६क ला नोंद घेतात, फेरफार पडतो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, साधारण १५ दिवस हरकतीसाठी, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग ताज्या सातबाऱ्याची प्रत काढायची.

ती प्रत हातात आली की नुसतं नाव आलं म्हणून खूश होऊन घडी घालू नका, कुठे आलं ते बघा. एक भोगवटादाराचा, म्हणजे जमीन ज्याच्या नावावर त्याचा, रकाना असतो आणि दुसरा इतर हक्कांचा. आपल्याकडे पूर्वापार पद्धत अशी पडली की मुलांची नावं भोगवटादारात आणि आईचं, बहिणींचं नाव इतर हक्कात, कुळ, विहीर, सोसायटीचा बोजा यांच्या शेजारी. कधी कधी तर सगळ्यात मोठ्या भावाचं एकट्याचं नाव आणि पुढे एकुम्या म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, किंवा लहान मुलाच्या नावापुढे अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि पालनकर्ता म्हणून आईचं नाव. पंचवीस वर्षांनी तो मुलगा स्वतः बाप झालेला असतो तरी अपाक तसंच. इतर हक्कात असलेली बहीण कायद्याने मालक नाही असं नाही, पण त्या रकान्यातल्या नावाकडे विकत घेणारे, कर्ज देणारे, भूसंपादनाचे पैसे वाटणारे दुर्लक्ष करतात आणि तिला कळतही नाही. म्हणून अर्जातच लिहा की सर्व वारसांची नावं भोगवटादार सदरी घ्यावीत. आणि हेही लक्षात ठेवा की सातबारा हा महसुलाचा कागद आहे, त्याने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, भांडण झालं तर मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं.

गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि घरपट्टी, हे वेगळे अर्ज, सातबारा झाला म्हणजे हे आपोआप होत नाही. फ्लॅटसाठी सोसायटीत मृत्यूचा दाखला, वारसांचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड म्हणजे पुढे कुणी दावा केला तर नुकसान भरून देण्याची लेखी हमी. नॉमिनी नसेल तर सोसायटी सहसा वर्तमानपत्रात नोटीस देऊन हरकती मागवते, मग शेअर सर्टिफिकेटवर नाव चढतं. कुटुंबात एकमत असेल तर सगळ्या वारसांचा कौटुंबिक व्यवस्थापत्राचा कागदही कायद्यात मान्य केलाय. गाडीसाठी आरटीओत फॉर्म ३१, हे काम त्यातल्या त्यात लवकर होतं.

बँक आणि कोर्टाचे दाखले

माणूस गेल्यावर त्याचं एटीएम वापरून पैसे काढू नका, पासवर्ड माहीत असला तरी नाही, मग ते चांगल्या हेतूने औषधाचं बिल भागवायला का असेना, नंतर दुसरा वारस स्टेटमेंट काढतो आणि तिथून बिनसतं. बँकेला कळवा आणि डेथ क्लेमचा फॉर्म घ्या. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी नसेल तर कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत ही मर्यादा व्यापारी बँकांना १५ लाख आणि सहकारी बँकांना ५ लाख केली, आणि सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत क्लेम भागवायला सांगितलंय. त्या मर्यादेत वारसांचा क्लेम, इंडेम्निटी बाँड आणि जे वारस पैसे घेणार नाहीत त्यांचं ना हरकत पत्र एवढ्यावर काम व्हायला पाहिजे, काउंटरवर नाही म्हणाले तर लेखी नकार मागा. जुन्या विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी वेगळ्या फंडात जातात पण तिथूनही परत मिळतात.

कोर्टाचे दाखले दोन प्रकारचे आणि लोक त्यात गोंधळतात. सक्सेशन सर्टिफिकेट हे पैशांसाठी, म्हणजे ठेवी, शेअर्स, येणं असलेलं कर्ज, त्यात रकमेनुसार कोर्ट फी लागते आणि जमीन घर त्यात येत नाही. दुसरा वारस दाखला, आपल्याकडे अजून १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्ट देतं, हा वारस कोण ते सांगणारा. दोन्हीत वर्तमानपत्रात किंवा कोर्टाच्या बोर्डावर जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, मग साक्ष. वाद नसेल तरी काही महिने धरून चाला. ज्या ऑफिसला दाखला हवाय त्यांच्याकडून नेमका कुठला हवाय ते लेखी घ्या आणि मगच कोर्टात जा, नाहीतर महिने घालवून पैशांचा दाखला आणायचा आणि सोसायटी म्हणणार वारस दाखला आणा.

हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी

बहिणींनो, हे तुमच्यासाठी, आणि भावांनीही वाचा. हक्कसोड पत्र म्हणजे तुमचा हिस्सा कायमचा गेला. ते दुय्यम निबंधकांकडे रजिस्टर व्हावंच लागतं, तलाठ्यासमोर दिलेला जबाब किंवा शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद म्हणजे स्थावर मिळकतीची हक्कसोड नाही. जवळच्या नात्यात विनामोबदला हक्कसोडीला स्टॅम्प ड्यूटी नाममात्र असते, म्हणून घाईघाईत करून घेतात. वारस नोंदीसाठी सही पाहिजे असं सांगून हक्कसोडीवर सही घेतली असं फार ठिकाणी ऐकायला मिळतं, तेव्हा कागदाचं शीर्षक वाचा, गट नंबर वाचा, सगळी जमीन लिहिलीय की एकच गट, मोबदला लिहिलाय तो खरंच मिळाला का. वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही, दोन्ही वेगळी कामं आहेत. मनापासून भावाला द्यायचं असेल तर जरूर द्या, पण आधी सातबाऱ्याला नाव लागू दे, हिस्सा किती ते कळू दे, मग वर्षभराने शांतपणे ठरवा. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीची हक्कसोड घेतात तेही बघितलंय, पण तेव्हा मुलांना हक्कच नसतो तर सोडणार काय. आणि हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या बाजूने होते, जो वारसच नाही अशा भाच्याला द्यायचं असेल तर ते बक्षीसपत्र, त्याची ड्यूटी वेगळी.

वारस अज्ञान म्हणजे अठरा वर्षांच्या आतला असेल तर आईसुद्धा त्याचा वारसाने आलेला स्वतःचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू किंवा सोडू शकत नाही. परदेशात असलेल्या वारसाने तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा अपोस्टिल म्हणजे तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का घेऊन मुखत्यारपत्र पाठवावं, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला स्टॅम्प भरून घ्यावा, हा शेवटचा भाग विसरला जातो आणि रजिस्ट्रारकडे गेल्यावर अडतं.

कर्ज वारसांना फेडावं लागतं का हा प्रश्न नेहमी येतो. मिळालेल्या मिळकतीपुरतंच, स्वतःच्या खिशातून नाही, तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार असाल तर गोष्ट वेगळी. वसुलीवाले फोनवर काहीही बोलले तरी हेच. होम लोनसोबत विमा घेतला होता का ते आधी बघा. वारसाने मिळालेल्या मिळकतीवर आपल्याकडे कर नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये बंद झाली, पण ज्या वर्षी माणूस गेलं त्या वर्षाचं इन्कम टॅक्स रिटर्न वारसाने ई-फायलिंगवर कायदेशीर वारस म्हणून रजिस्टर होऊन भरायचं, आणि पुढे मिळकत विकली तर ज्याने मूळ घेतली त्याची खरेदी किंमत धरतात, म्हणून जुनं खरेदीखत जपून ठेवा.

नाव राहिलं असेल किंवा मुद्दाम वगळलं असेल तर

आधी फेरफाराची नक्कल काढा, त्याला कुठला अर्ज, कुठली वंशावळ जोडली होती ती मागा. नोंद अजून प्रमाणित झाली नसेल तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या, मग ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. प्रमाणित झाली असेल तर ६० दिवसांत प्रांताकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, उशीर झाला असेल तर उशीर माफीचा अर्ज सोबत, नोटीस मिळालीच नव्हती हे कारण बऱ्याचदा खरं असतं, ते स्पष्ट लिहा. तरीही ऐकलं नाही तर दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा, त्यात सगळ्या मिळकती एकदम घाला, एखादा गट राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. दावा चालू असताना तडजोड झाली तर लोकअदालतीत हुकूमनामा करून घेता येतो आणि कोर्ट फी परत मिळते. आणि वकिलाला पैसे कुठून आणू म्हणून थांबलेल्या बायकांसाठी, विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुक्याच्या कोर्टात समितीचं ऑफिस असतं, १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा, सोबत आधार, मृत्यूचा दाखला आणि सातबाऱ्याची प्रत जोडा.